धरणारा हात

आमच्या घरात दोन माणसं अशी आहेत, की त्यांच्या नाकावर माशी बसली तर चूक माशीचीच. एक आमचे हे आणि दुसरी आमची मुलगी. मुलीला घरात ठिणगी म्हणतात. हे नाव ह्यांनीच पाडलं. खाण तशी माती, हे मात्र ते नाव पाडताना त्यांच्या लक्षात आलं नाही.

खाली गॅरेज आणि वर आमच्या दोन खोल्या. वरच्या एका खिडकीतून रस्ता दिसतो, तिथे माझं शिलाई मशीन. दुसरी खिडकी मागच्या बाजूला, गॅरेजच्या अंगणावर उघडते. तिथे गेल्या वर्षभरापासून ह्यांची खुर्ची आहे. त्याआधी उभ्या आयुष्यात हा माणूस दिवसाढवळ्या खुर्चीत बसलेला मी पाहिला नव्हता. बसायचंच झालं तर उलट्या ठेवलेल्या टायरवर बसायचे, तेही चहाचा कप संपेपर्यंत.

ह्यांचा डावा हात कापायला लागला. आधी कपबशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं मी लावायला लागले. आणि मग एक दिवस हातातला छोटा नट निसटला आणि थेट गिऱ्हाइकाच्या इंजिनात हवा जायच्या तोंडातून आत गेला. तो काढायला अर्धं इंजिन खोलावं लागलं. ठिणगीने ते खोललं, नट काढला, पुन्हा जोडलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाबा, तुम्ही आता इंजिनाला हात लावू नका."

ह्यांनी हात पुसले, एप्रन खिळ्याला लावला आणि वर आले. त्यानंतर गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाही.

मला दोघांचाही राग आला. तिचा आला, कारण बापाला चारचौघांत असं बोलत नाहीत. ह्यांचा आला, कारण ती बरोबर होती, हे ह्यांना कळत होतं आणि तरी रुसून बसले होते. एकाने शब्द मागे घ्यायचा नाही, दुसऱ्याने मागायचा नाही. मी दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं असतं, पण दोघंही तेवढ्यासाठी उपाशी राहिले असते.

तेही मी सोसलं. पण एका दुपारी मी बाही जोडत असताना हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी हत्यारं भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकावी म्हणतो."

माझा पाय मशीनवरून निघाला. ह्यांची हत्यारं म्हणजे काय, ते मला विचारा. लग्न करून आले तेव्हा घरात कपाट एकच होतं आणि त्यात हत्यारं होती. माझ्या साड्या ट्रंकेत राहिल्या. ती हत्यारं भंगारात द्यायची म्हणजे हा माणूस स्वतःलाच वजनावर घालायला निघाला होता. मी पुन्हा बाही जोडायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि रडणारी बाई ह्यांना बघवत नाही.

पण एक सांगते, हात खुर्चीत बसला तरी कान बसले नव्हते. खाली काय चाललंय, ते हे वर बसून ऐकत असायचे. डोळे मिटलेले असायचे, मला वाटायचं डुलकी लागली. मधेच पुटपुटायचे, "पाना एक नंबर मोठा घेतलाय." थोड्या वेळाने खालून पाना बदलल्याचा खणखणाट यायचा. मी शिवणकाम करते, मलाही सुई बोथट झालेली आवाजावरून कळते. पण भिंतीपलीकडे, खालच्या मजल्यावर कोणता बोल्ट फिरतोय, हे ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवरा आहे म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून त्यांच्या तक्रारी सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही.

तर त्या दिवशी सकाळी व्हॅन आली. पेशंटना घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी नेणारी व्हॅन. तिचा ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या तोंडाचा. टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता, आणि वरच्या पुलीच्या मागून तेल गळत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन रस्त्यावर हवीच होती.

टायमिंग बेल्ट म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात फुकट शिकायला मिळालंय. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात, वर व्हॉल्व उघडतात आणि मिटतात. दोघांनी एकमेकांची वेळ सांभाळायची. एक वर आला की दुसऱ्याने बाजूला व्हायचं. ही वेळ सांभाळतो तो दातेरी बेल्ट. तो काढला की खालचं आणि वरचं एकमेकांना ओळखत नाही. अशा वेळी वरची पुली जरा जरी फिरली तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटतात, वाकतात, आणि मग गॅरेजवाल्याचं नाव गावभर होतं. म्हणून बेल्ट काढायच्या आधी पुलीच्या भोकातून मागे एक पिन घालतात. पुली जागच्या जागी. मी कापड शिवायच्या आधी कच्चा टाका घालते, तसंच.

ठिणगीने वर्षभरात कितीतरी बेल्ट एकटीने बदलले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती. पोरीचा हात चांगला आहे. ह्यांनीही ते कधी नाकारलं नाही. तिच्यासमोर बोलले नाहीत, एवढंच. पण त्या सगळ्या कामांत वरची पुली काढावी लागली नव्हती. बेल्ट काढला, नवा घातला, झालं. इथे तेल गळत होतं, म्हणजे पुली काढून मागचं तेल अडवणारं सील बदलायला हवं होतं. आणि पुली काढायची तर तिच्या मधोमध असलेला बोल्ट सोडवायला हवा. तो बोल्ट वर्षानुवर्षं तिथेच बसलेला, गंजाने आणि माजाने घट्ट.

हे खुर्चीत, डोळे मिटलेले. मी मशीनवर. खालून पान्याचा आवाज आला, मग ठिणगीचा जोर लावतानाचा हुंकार, मग एक बारीक करकर.

ह्यांनी डोळे उघडले.

"हा बोल्टचा आवाज नाही," म्हणाले.

"अहो, असेल काहीतरी."

पुन्हा करकर. हे खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे आडवी झाली. खिडकीचे गज धरून ओरडले, "थांब! सोड तो पाना! पिनवर जोर घेतेयस तू!"

खालून ठिणगीचा आवाज आला. तिलाही बापाचाच गळा आहे. "बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नका!"

व्हॅनवाला हसला, तेही वर ऐकू आलं. आणि तेवढ्यात मला दिसलं, की खुर्ची आडवी आहे आणि खोलीत हे नाहीत. वर्षभर फक्त दवाखान्यासाठी उतरलेला जिना हा माणूस घरातल्या चपला घालून धडाधड उतरला. मी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून मागे पळाले.

खाली गेले तर दोघं समोरासमोर. ठिणगीच्या हातात लांब पाना. ह्यांनी तिच्याकडे न बघता पुलीकडे बोट दाखवलं.

"पुली दोन्ही हातांनी धर. हलू देऊ नकोस. मी पिन काढतो."

"पिन कशाला काढायची? पिननेच तर—"

"धर म्हणतो ना."

तिने धरली. ह्यांनी उजव्या हातात पक्कड घेतली. पिन एरवी बोटांनी सरकन निघायला हवी. ती निघेना. पिळून, फिरवून शेवटी निघाली. ह्यांनी ती लोखंडी टेबलावर ठेवून लोटली. सरळ पिन गडगडत गेली असती. ही लंगडत लंगडत गेली आणि वाटेतच थांबली.

वाकली होती. दिसायला जराशीच.

"अजून थोडा जोर लावला असतास तर तुटली असती," हे म्हणाले. "पिन जागा धरते गं. जोर धरत नाही."

पेटीतून त्याच मापाच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा काढून त्यांनी पिनच्या भोकात घातला. तो अलगद आत गेला. म्हणजे पुली जागची हलली नव्हती, इंजिन वाचलं होतं. व्हॅनवाल्याचं हसू तोपर्यंत पोटात परत गेलं होतं.

ठिणगीचं तोंड उतरलं होतं, पण उतरलेल्या तोंडानेही ती भांडू शकते. "तुम्हीच शिकवलंत मला! 'एकदा पिन घातली की निर्धास्त' हे कोण म्हणायचं? लहानपणापासून ऐकतेय."

"म्हणायचो. पण—"

"पण काय?"

ह्यांनी टेबलावरची वाकडी पिन उचलून पुन्हा ठेवली.

"मग तुम्ही हा बोल्ट कसा सोडवायचात? पिन नाही, तर काय मंत्र म्हणून?"

"त्यात काय आहे? पाना लावायचा, आणि असा—" म्हणत ह्यांनी उजवा हात हवेत उचलला, पाना ओढल्यासारखा. उजव्या हाताबरोबर डावाही उठला. छातीच्या उंचीवर आला, आणि त्याची मूठ वळली.

ते ठिणगीला दिसलं नाही. ती उजव्या हाताकडे बघत होती. व्हॅनवाला इंजिनाकडे बघत होता. मी जन्मभर माणसांचे खांदे आणि हात मापत आलेय, मला दिसलं.

"अहो," मी म्हटलं, "डाव्या हातात काय आहे?"

ह्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाची मूठ असावी तसं पाहिलं.

"होल्डर," म्हणाले.

मग उलगडा झाला. बोल्ट सोडवताना पुली फिरू नये म्हणून तिला पुढून पकडायचा एक लांब दांड्याचा होल्डर असतो. पुढे दोन खुंट्या, त्या पुलीच्या भोकांत अडकवायच्या आणि दांडा उलट्या दिशेला रेटून धरायचा. बोल्टचा सगळा जोर त्या दांड्यावर घ्यायचा, पिनवर त्याचा थेंबही पडू द्यायचा नाही. ह्यांचा डावा हात जन्मभर तेच करत होता. ठिणगी शिकताना कायम उजवीकडे उभी राहायची, कारण डावीकडे भिंत. तिला पाना दिसायचा, उजवा हात दिसायचा, पिन दिसायची. डावा हात इंजिनापलीकडे. भिंतीवर लटकणारा होल्डर तिने पाहिला होता, पण ती त्याने अडकलेली झाकणं उचकटायची.

"हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली. आता आवाज भांडायचा नव्हता.

"ते सांगायचं असतं?" हे खरोखर गोंधळले होते. "चालताना श्वास घे, असं कोणी सांगतं का?"

इतका हुशार माणूस, आणि आपला एक हात काय करतो ते त्याला ठाऊक नव्हतं. मला हसू येत होतं, पण ते पुरतं फुटेना. कारण जो हात इतकी वर्षं मुकाट्याने धरत होता, तोच आता कापत होता.

पुढचा प्रश्न, भिंतीवरचा होल्डर ह्या पुलीला बसेना. जुन्या गाड्यांची भोकं वेगळी, हिची वेगळी. व्हॅनवाला म्हणाला, "बोल्ट सोडवायची हवेची गन लावा ना मेस्त्री, टर्रकन सुटेल." ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, मोठ्या बाजारात जाऊन होल्डर शोधून आणतो.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," हे म्हणाले. "पट्टी पडलीये, वेल्डिंग आहे. बनवू."

जाड लोखंडी पट्टी निघाली. पुलीच्या भोकांचं माप पट्टीवर उतरवायचं होतं. ह्यांनी खडू घेतला आणि डाव्या हाताने पुठ्ठा पुलीवर धरला. पुठ्ठा थरथरला, खडूची रेघ उडाली. पुन्हा धरला, पुन्हा उडाली. ठिणगी उगाचच पेटीत काहीतरी शोधायला लागली. बापाची फजिती दिसू नये म्हणून तिने मान वळवली होती. माझा तिच्यावरचा वर्षभराचा राग त्या मान वळवण्यात निम्मा गेला.

"सरका," मी म्हटलं.

"तू?"

"मी. तुमच्या पुलीपेक्षा वाकड्या गळ्यांची मापं घेतली आहेत मी."

वरून मी साचे कापायचा कागद आणला. पुलीवर पसरला, ताणून धरला, आणि ग्रीस लागलेला अंगठा त्यावरून फिरवला. भोकांच्या कडा कागदावर काळ्या उमटल्या. कात्रीने कापला. ह्यांनी तो हातात घेऊन उजेडाला धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं वरच्या मजल्यावर वाया गेलात." असलं कौतुक ह्यांच्याकडून वर्षाकाठी एखादं मिळतं, आणि ते मी जपून वापरते.

मग ठिणगीचं काम. कागद पट्टीवर चिकटवून तिने खुणा मारल्या, भोकं पाडली, दोन जाड बोल्ट खुंट्यांसारखे बसवले आणि मागे लांब दांडा जोडला. ठिणग्या उडत होत्या आणि तोंडावर काच धरून वाकलेली ती पोर मला फार सुंदर दिसली. जोड थंड झाल्यावर ह्यांनी नख लावून तपासला. काही बोलले नाहीत. ह्यांचं काही न बोलणं म्हणजे पास.

होल्डर पुलीवर बसला. खुंट्या भोकांत अशा गेल्या की जणू तिथेच जन्मल्या. आता एकाने तो धरायचा आणि दुसऱ्याने पाना ओढायचा. ह्या व्हॅनमध्ये जागा इतकी अडचणीची, की दोन्ही एकाला जमणार नव्हतं. होल्डरचा दांडा भिंतीच्या बाजूला येत होता. तिथे उभं राहिलेल्या माणसाचा उजवा हात पोचत नव्हता. डाव्यानेच धरायला हवं होतं.

व्हॅनवाल्याने बाह्या सरसावल्या. "मी धरतो की."

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. बाप टेबलावरची वाकडी पिन उगाच इकडून तिकडे लोटत होता.

मी मनात म्हटलं, पोरी, आता चुकलीस तर ती हत्यारं उद्या भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर हा माणूसही जाईल. मी बोलले असते तर सगळंच बिघडलं असतं. हे तिनेच म्हणायला हवं होतं.

"बाबा," ती हळू म्हणाली. "धराल?"

"हाताचं माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. धरा."

हे भिंत आणि व्हॅन यांच्यामधल्या फटीत आडवे होऊन शिरले. डावा हात पुढे केला. बोटं दांड्यावर टेकली आणि दांडा टिकटिक वाजायला लागला. व्हॅनवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग ह्यांनी मूठ वळली. दांडा छातीकडे खेचून भार घेतला. आणि टिकटिक थांबली.

खरं सांगते, आधी मला वाटलं माझेच कान गेले. हात दिसत होता. मनगटावरच्या शिरा फुगलेल्या, बोटांची पेरं पांढरी पडलेली, आणि हात स्थिर. कपात चहा ओतला असता तर थेंब सांडला नसता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की हा कंप हात रिकामा असताना जास्त दिसतो. आम्ही ते ऐकून सोडून दिलं होतं. रिकामेपणी कापणारा हात, आणि आम्ही त्याला वर्षभर खुर्चीत रिकामाच बसवून ठेवला होता.

"लाव जोर," हे म्हणाले.

ठिणगीने पाना ओढला. पाय रोवून, सगळं अंग टाकून.

"अजून नाही. ओढत राहा. झटका देऊ नकोस."

"येत नाहीये बाबा!"

"येतोय. मला इकडे कळतंय. अजून... अजून... हां, आता!"

ह्यांनी "आता" म्हटलं, आणि मग कडाक्‌ झालं. बोल्ट सुटला. ठिणगी पान्यासकट मागे गेली असती, पण "आता" ऐकून तिने पाय आधीच सावरला होता. दांडा तसूभरही हलला नव्हता. पिनच्या जागी घातलेला ड्रिलचा दांडा तिने दोन बोटांनी ओढून पाहिला. अलगद बाहेर आला, अलगद आत गेला. त्याच्यावर जोराचा कणही पडला नव्हता.

ती होल्डरकडे बघत राहिली, मग बापाच्या मुठीकडे. "तुम्हाला आधी कसं कळलं?"

"दांड्यातून येतं. बोल्ट सुटायच्या आधी जरासा मऊ होतो."

व्हॅनवाला म्हणाला, "मेस्त्री, मी धरला असता तर?"

"तर आत्ता तुम्ही चालत घरी निघाला असतात," ठिणगी म्हणाली.

पुढचं काम मी पायरीवर बसून पाहिलं. माझे ब्लाउज वर तसेच पडले होते आणि पडू देत, म्हटलं. ठिणगीने नवं सील बसवलं. पुली लावली. बोल्ट पुन्हा घट्ट करताना ह्यांनी पुन्हा धरलं. बारीकसारीक सगळं तिनेच केलं. बोटांच्या चिमटीत वॉशर धरणं ह्यांना अजूनही जमत नाही, आणि ह्यांनी ते करायला मागितलंही नाही. नवा बेल्ट चढवला, ताण दिला, ड्रिलचा दांडा काढला. व्हॅनवाला चावी घेऊन पुढे झाला तेव्हा तिने त्याला हातानेच अडवलं आणि पान्याने इंजिन सावकाश फिरवलं, जिथून निघालं तिथे पुन्हा येईपर्यंत. कुठे अडत नाही ना, हे चावी द्यायच्या आधी हातानेच बघायचं असतं. हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. मग ड्रिलचा दांडा पुन्हा भोकात घालून पाहिला. दोन बोटांनी आत.

ह्यांनी मान हलवली. तेवढीच. पण मी लग्नापासून ती मान ओळखते. परक्या माणसाचं इतकं सरस काम पाहिलं असतं तर ह्यांनी टाळी दिली असती. मुलीला मान हलवली, कारण टाळी द्यायला गेले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

व्हॅन पहिल्या चावीला सुरू झाली आणि गेली. हे उलट्या टायरवर बसले. हात मांडीवर ठेवला आणि तो पुन्हा कापायला लागला. मी स्वतःला फसवत नाही. हा आजार आहे, तो वाढणार, आणि एक दिवस तो दांडाही ह्या हाताला जड होईल. पण तो दिवस आज नव्हता, आणि उद्याही नसणार होता.

आता तुम्हाला वाटेल, बापलेकींनी गळ्यात गळे घातले. छे! ठिणगीने पाने पुसले, ह्यांनी चपला झटकल्या आणि दोघं आपापल्या दिशेला गेली. ती बोलली नाही, की उद्यापासून खाली या. ह्यांनी विचारलं नाही, येऊ का. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा खुर्चीत, कान खाली. तिसऱ्या दिवशीही तेच. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावी असं मला वाटत होतं. एकदा मी खाली जाऊन तिला म्हटलंसुद्धा, "अगं, हाक मार ना त्यांना." तर म्हणाली, "उगाच काम काढून हाक मारली तर त्यांना कळेल, आई. काम येऊ दे." मी आल्या पावली वर गेले. बापाला मुलीने माझ्यापेक्षा जास्त ओळखावं, ह्याचा थोडा मत्सरही वाटला.

काम आलं ते नेमकं डॉक्टरकडे जायच्या दिवशी. ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं मी लावली होती. माझ्या एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्यात छत्री आणि पाण्याची बाटली. आम्ही जिना उतरत होतो आणि खाली गॅरेजच्या दारात एक घाईतला माणूस ठिणगीशी बोलत होता. बेल्ट बदलायचा होता, वरची पुलीही काढायची होती, आणि आजच्या आज हवं होतं.

"आज जमणार नाही," ठिणगी म्हणाली. "उद्या आणा."

"अहो, गॅरेज तर रिकामं दिसतंय."

"आमचा धरणारा माणूस डॉक्टरकडे चाललाय."

"धरायचंच ना? दांडकं तर धरायचं. मी धरतो की!"

"दांडकं कोणीही धरेल," ठिणगी म्हणाली. नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा. "बोल्ट सुटायच्या आधी मला सांगेल कोण? ते सांगणारा ह्या गॅरेजात एकच आहे. त्यांच्याशिवाय मी पुलीला हात लावत नाही. घाई असेल तर दुसरीकडे न्या."

चारचौघांतच म्हणाली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही जिन्यावर आहोत हे तिला माहीत होतं की नव्हतं, हे मी अजून तिला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

हे पायरीवर थांबले. कठड्यावरचा डावा हात कापत होता. त्यांनी घसा खाकरला, आणि मला म्हणाले, "चल गं, पाय उचल जरा. डॉक्टरांना म्हणावं लवकर आटपा, गॅरेजात माणूस कमी आहे."

आणि भराभर उतरायला लागले. डोळे पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता, मी तशीच त्यांच्या मागून निघाले.